तात्यांचा राहिलेला अंतरा

माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली आणि त्यानंतर हातात पेन्सिल आली ती वाण्याची यादी करायला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, एखादा काना राहिला असेल, तर ही वही ज्याच्या हाती पडेल त्यानं रागावू नये. खरं तर ती कुणाच्या हाती पडूच नये. डाळीच्या डब्यांमागं ठेवणार आहे. पण काल तात्यांच्या घरी जाऊन आले आणि आज सकाळपासून हात कामाला लागेना, म्हणून लिहायला बसले.

घर रिकामं झालंय. बैठकीच्या भिंतीवर जिथं जिथं फोटो होते तिथला रंग ताजा राहिलाय, बाकीची भिंत पिवळी. हार्मोनियमच्या कोपऱ्यात फरशीवर टेबलाच्या चार पायांचे ठिपके आहेत. मी बैठकीत फार थांबले नाही. तेव्हाही थांबत नव्हते. सरळ मागं गेले. ओट्याचा काळा दगड तसाच आहे, मी भाकरी थापायचे तिथं जरा जास्त गुळगुळीत. खिडकीच्या गजाला सुतळी होती, लसणाची जुडी अडकवायला मीच बांधलेली. मागच्या मोरीशी जाऊन नळ सोडून बघितला. पाणी नव्हतं. त्या मोरीशी मी अकरा वर्षं भांडी घासली.

तात्या सिनेमाला संगीत द्यायचे. त्यांची गाणी लग्नात बँडवाले वाजवत, गणपतीत मंडळवाले लावत, ज्यांना तात्यांचं नावही ठाऊक नाही त्या बाया धुणं धुताना म्हणत. मुंबईला तीस वर्षं काढून, बायको गेल्यावर ते आपल्या गावी, कोल्हापुरात परत आले. मुलगी पुण्याला. घरात एकटे. मला त्यांच्याकडं स्वयंपाकाला लावलं दौलूमामांनी. दौलूमामा आमच्याच गल्लीत राहत. तात्यांच्या सिनेमांत त्यांनी ढोलकी वाजवली होती, आणि म्हातारपणीही त्यांची बोटं चहाच्या बशीवर वाजतच असायची. माझा नवरा गेलेला, सासरच्यांनी दार लावून घेतलेलं. नव्वद सालानंतरची ही गोष्ट.

पहिल्या दिवशी तात्यांनी मला एकच विचारलं, "गाता येतंय का तुला?"

मी मान हलवली. न्हाय.

"मग बरं झालं. गाणाऱ्या बायका भाकरी करपवत्यात."

दौलूमामा हसले. मी पदर ओठाशी धरून आत गेले. मला माणसांसमोर बोलायचं सुधरत नाही. अजूनही नाही. दुकानात चार माणसं उभी असली तर ती जाईपर्यंत मी बाहेर थांबते.

त्या घराचा वास मला अजून येतो. ज्येष्ठमध, लवंग, हार्मोनियमच्या भात्याचं जुनं कातडं. थंडीत संध्याकाळी खिडकी उघडली की लांबून गुऱ्हाळाचा गोडसर धूर यायचा आणि तात्या लिहिता लिहिता मान वर करायचे. घरात आवाज फार थोडे होते आणि त्या प्रत्येकाला तात्यांनी जागा दिली होती. हार्मोनियमच्या पट्ट्यांत कुकरची शिट्टी काळी दोन. फाटक पांढरी चार, पण पावसाळ्यात फुगलं की तीनवर उतरायचं. सकाळी मिक्सर लावायचा नाही, चटणी खलबत्त्यात. "खलबत्ता तालात चालतो, मिक्सर नुसता बोंबलतो," म्हणायचे. दुपारी ते झोपले की घर इतकं गप्प व्हायचं की घड्याळाचा लंबक मला माझ्या कानात हलतोय असं वाटायचं. मी ओट्याला टेकून बसायची. ते तिकडं एकटे, मी इकडं एकटी, मध्ये एक दार. दोघांनाही ते दार उघडायची गरज वाटत नव्हती.

सकाळी मात्र ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकत. मी कांदा चिरत असायची, ते गुणगुणायचे. शब्द नसायचे. तीच एक ओळ तीनदा, मग उठून जायचे. मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, करमत नसेल.

दोन वर्षांनी दौलूमामांनी सांगितलं. मी चहा द्यायला गेले तर मला म्हणाले, "काय गं, ह्या खेपेची चाल पास केलीस का नापास?"

"कसली चाल, मामा?"

"आरं तात्या, हिला पत्त्याच न्हाय की! अगं येडे, हा तुझ्यासमोर सकाळी चाल म्हणतोय त्ये कशाला? दोन-तीन दिवसांनी तू मोरीवर भांडी घासताना हा न्हाणीच्या खिडकीत कान लावून बसतोय. तुझ्या तोंडातनं चाल आपसूक आली तर ठेवायची. न्हाय आली तर मेली. सिनेमात जातंय त्ये समदं तुझ्या मोरीतनं जातंय, कळलं का?"

तात्या ओशाळून हसत होते. "गाणं शिकलेल्या माणसाच्या डोक्यात कुठली बी चाल ऱ्हातीय, पोरी. त्येचा काय उपेग न्हाय. न शिकलेल्याच्या तोंडात जी ऱ्हाईल ती खरी. आणि तुझ्या तोंडात ती झिजून येती. नदीतल्या गोट्यागत."

मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. दोन वर्षं मी एकटी आहे समजून गुणगुणत होते आणि कुणीतरी ऐकत होतं. त्यानंतर पंधरा दिवस मी तोंड मिटून भांडी घासली. तात्यांचं काम अडलं. एक दिवस दारातनंच ओरडले, "अगं, माझा काटा बंद पाडलास की! आता मी तोलू कशावर?" मग मीच एक वाट काढली. ते आंघोळीला गेलेत, बंबाचं पाणी पडतंय, असं मनाला पटवायचं आणि मगच ओठ हलवायचे. ते आत पाणी न घेता नुसता तांब्या वाजवत बसतात हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक असावं. अशी आमची रीत बसली.

आता आईचं लिहायला हवं.

माझं माहेर राधानगरीकडं. सहा महिने पाऊस आणि सहा महिने ओल. आईकडं एक म्हैस होती, चांदी. कपाळावर पांढरा ठिपका, बाकी काळीभोर. मी पाच-सहा वर्षांची असताना चांदीचं रेडकू मेलं. त्यानंतर ती पान्हा सोडेना. सडांना हात लावला की अंग चोरायची, पाय झाडायची. आई मग तिच्या पोटाला कपाळ टेकून बसायची आणि एक चाल म्हणायची. शब्द नव्हते. तोंड मिटून, छातीतनं. चाल तीन पावलं वर जायची, चौथ्यावर थांबायची, मग पाठीवरून हात फिरवल्यासारखी हळूहळू खाली यायची. पुन्हा तीन पावलं. गोठ्यात धुराचा, भिजल्या घोंगड्याचा, सरकीच्या पेंडेचा वास असायचा. मी दारात दुधाची चरवी धरून उभी. म्हशीचे कान आधी ताठ असत, मग एक पडायचा, मग दुसरा. आईनं ती चाल कुणाकडनं घेतली नव्हती. त्या एका म्हशीसाठी ती झाली आणि चांदी गेल्यावर आईनं ती पुन्हा म्हटली नाही.

तात्यांकडं माझं चौथं की पाचवं वर्ष असेल, आई गेली. मी गावी जाऊन, दिवस करून परत आले. त्या आठवड्यात तात्यांनी एक चाल माझ्यासमोर टाकली होती, पण ती कानात शिरलीच नाही. दोन दिवसांनी मोरीवर दुधाचं पातेलं घासत होते. खरवड निघेना. घासता घासता माझ्या तोंडातनं आईची चाल कधी सुरू झाली मला कळलं नाही. किती वेळ म्हणत होते तेही कळलं नाही.

न्हाणीचं दार आपटलं. तात्या बाहेर आले ते अर्ध्या गालाला साबण तसाच.

"थांब! परत म्हण!"

मी पदर ओठाशी धरला. मग त्यांनीच म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशीच्या तशी, चौथ्यावर थांबून. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझी परवाची चाल, पोरी! काय धुऊन आणलीस गं! मला वळखायला बी आली न्हाय!"

एवढंच म्हणायचं होतं, तात्या, ही तुमची न्हवं. जिभेवर आलं होतं. ते ओल्या पायांनी बैठकीत पळाले, हार्मोनियमचा भाता उघडला आणि मी पातेलं विसळत राहिले. मनात म्हटलं, आपल्याला गाण्यातलं काय कळतंय? दोन्ही चाली सारख्या असतील. मोठी माणसं आहेत, त्यांना ठाऊक असेल. माणूस लाजरं असलं की असा विचार लगेच सापडतो.

त्या गाण्यानं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमा पंधरा दिवसांत उतरला, गाणं राहिलं. रिक्षात, पानपट्टीवर, शाळेच्या गॅदरिंगला, देवळाच्या कर्ण्यावर. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, आता लोकांच्या मोबाईलमध्ये घंटीच्या जागी वाजतं. मी रस्त्यानं चालताना ते लागलं की मला म्हशीच्या पाठीचा उबारा हाताला जाणवायचा, आणि भोवतीच्या माणसांत कुणालाच ते सांगता यायचं नाही.

त्याच सुमाराला माझ्या खोलीच्या मालकानं खोली विकायला काढली. घे, न्हायतर सोड म्हणाला. तात्यांनी न विचारता पैसे पुढं केले. मी घेईना, तेव्हा म्हणाले, "उसनं समज. पगारातनं दर म्हैन्याला थोडं थोडं कापतो." मी घेतले. डोक्यावरचं छप्पर माझं झालं आणि तोंडाला दुसरं कुलूप लागलं. आता चालीचं काही बोलले असते तर त्याला किंमत मागितल्याचा वास आला असता.

मग मोठा पुरस्कार आला. मुंबईला शाल, नारळ, टाळ्या. परत आल्यावर घरात पेपरवाले, टीव्हीवाले. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, "तात्या, आता मागं वळून बघताना समाधानी आहात का?" एक चष्मेवाली मुलगी आली होती, तिनंही तेच विचारलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होते.

तात्या म्हणाले, "शेकड्यानं चाली केल्या, बाई. निम्म्या गिऱ्हाइकासाठी, निम्म्या पोटासाठी. ही एकच अशी की ती मला कुणाचीही उसनी वाटत न्हाई. आतनं आली. हिच्यामुळं वाटतंय, आलो त्ये फुकट न्हाई गेलं."

मी बशा तशाच घेऊन आत वळले. त्या मुलीला वाटलं असेल, बाई नवखी आहे.

ती गेल्यावर तात्या स्वयंपाकघरात आले आणि खुर्चीवर बसले. शाल अजून खांद्यावर होती. "खोटं बोललो, पोरी," म्हणाले. "समाधान कुठलं? मुखडा देवानं दिला, अंतरा मी केला. मुखडा म्हणजे गाण्याचं तोंड, आणि अंतरा म्हणजे पुढचं अंग. त्यो मुखड्याला बसलाच न्हाई. लोकांना कळत न्हाई, मला कळतंय. दुसऱ्याची गोधडी पांघरल्यागत दिसतोय. एक अंतरा राहिलाय माझा. त्यो सुचला की सुटलो."

दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्या मागं लागले. पुढचे दोन पावसाळे दुसरं काही नाही. दोन सिनेमे परत पाठवले. रोज सकाळी खुर्ची, रोज नवा अंतरा, तीनदा. मग मोरी, तांब्याचा आवाज. माझ्या तोंडात एकही राहिना. मी मुद्दाम पाठ करायचा प्रयत्न केला, खोटंच म्हणावं म्हणून. दोन पावलं जायची आणि गळा आपोआप मुखड्यावर परत यायचा. कसा राहणार? त्या चालीला पुढं काय होतं ते माझ्या कानाला ठाऊक होतं.

ते जेवेनासे झाले. आमटीत भाकरी कुस्करून तशीच ठेवायचे. कागदांवर रेघा मारून मारून कागद फाटायचे. दौलूमामा ओरडायचे, "तात्या, शाल मिळाली, नारळ फुटला, आता काय उरलं? पैलवानानं गदा घेतल्यावर शड्डू ठोकायचा नस्तोय." तात्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एक दिवस, उन्हं ओट्यावर आली होती, मी मेथी निवडत होते. तात्या उंबऱ्याशी आले. खुर्ची ओढली नाही, चौकटीला धरून उभे राहिले.

"पोरी, खरं सांग. तुझ्या तोंडात एक बी का येत न्हाई? मी संपलो व्हय?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. शाल देणाऱ्यांना नाही, टीव्हीवाल्यांना नाही. मी सांगितलं असतं तर त्यांचं एकुलतं समाधान जाणार होतं. नाही सांगितलं तर ते संपल्यासारखे जगणार होते. मी त्यांच्याकडं पाठ केली. पाठ केल्याशिवाय मला बोलता आलं नसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "तात्या, ती चाल तुमची न्हवं. माझ्या आईची हाय. आमच्या म्हशीची."

मी बोलत राहिले. चांदीचं सांगितलं, रेडकाचं, आईनं पोटाला कपाळ टेकायचं, त्या दिवशीच्या पातेल्याचं. आयुष्यात मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. मेथीची पानं कुठं आणि काड्या कुठं, काही कळत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "म्हशीचं नाव काय म्हणालीस?"

"चांदी."

"म्हण."

"तात्या, मला..."

"भिंतीकडं तोंड करूनच म्हण. मी न्हाणीत हाय असं समज."

मी म्हटली. कुणीतरी ऐकतंय हे मनाशी कबूल करून, पहिल्यांदा. आईसारखी, तोंड मिटून. तीन पावलं वर, थांबा, खाली.

"आणि पुढं?" ते म्हणाले. आवाज अगदी हलका. "अंतरा कसा जातोय?"

"पुढं न्हाय, तात्या. पान्हा सुटला की आई गप व्हायची."

"गप?"

"व्हय. मग नुसत्या धारा."

"त्यांचा आवाज कसा यायचा?"

"पहिल्यांदी चरवी रिकामी असती, तवा टणटण. मग दूध वर आलं, फेस आला, की मऊ. मग मऊच."

मी वळून बघितलं तेव्हा ते उंबऱ्यावर खाली बसले होते, लहान मुलासारखे, हात गुडघ्यांवर ठेवून. रडत होते की हसत होते मला सांगता येणार नाही. त्यांचे खांदे हलत होते. मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं आणि रिकामं भांडं कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं.

दौलूमामांना त्यांनी स्वतःच सांगितलं. मामांनी मांडीवर थाप मारली. "म्हशीचं गाणं? आन शाल तुला दिली त्यांनी?"

"म्हशीला दिली असती तर निदान तिच्या अंगावर शोभली असती," तात्या म्हणाले. "मला टोचतीया."

पण मामा गेल्यावर त्यांनी हार्मोनियमवर खोळ घातली. त्या दिवशी ते पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशीही. कागद, रेघा, सकाळची खुर्ची, सगळं थांबलं. मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर खचतील. तसं काही दिसलं नाही. घर मात्र आणखी गप्प झालं. मी मोरीशी उभी राहायची, तांब्या वाजायचा नाही, आणि मला इतकं एकटं वाटायचं की लाज वाटायची. आपण त्यांचं समाधान काढून घेतलं की त्यांना दिलं, हे विचारायची मला छाती झाली नाही.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी ते म्हणाले, "चल, गंगावेशीत. दूध कट्ट्यावर." आम्ही दोघं रिक्षानं गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्याबरोबर मी बाहेर पडले ते एवढंच. कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून ग्लास भरून द्यायचे. पैलवान, कॉलेजची पोरं, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया. ओल्या शेणाचा, वैरणीचा वास आला आणि माझे पाय तिथंच खिळले. तात्या एका म्हशीच्या अगदी जवळ जाऊन, डोळे मिटून उभे राहिले. गवळी त्यांना ओळखत नव्हता.

"ओ पावणं, सरका की जरा! म्हस बिचकंल. दूध पायजे का दर्शन?"

"आवाज पायजे," तात्या म्हणाले.

गवळ्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यानं खांदे उडवले आणि धार सुरू केली. पहिली धार ग्लासच्या तळाला, मग दुधावर, मग फेसावर. तात्यांची मान किंचित हलत होती. त्यांनी ग्लास घेतला, निम्मा प्यायले, निम्मा मला दिला. ओठांवर पांढरी मिशी तशीच.

"असला अंतरा मला सात जन्मांत सुचला नसता," ते म्हणाले. "बरं झालं सुचला न्हाई. खराब केला असता." मग म्हणाले, "तुझी आई कुठं थांबायचं ते जाणून होती, पोरी. मी शेवटपर्यंत वाजवत बसलो."

त्यांच्या आवाजात काय होतं ते मी कितीदा आठवून बघितलं. कधी ते समाधान वाटतं, कधी नाही. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर रस्त्यावरचा दिवा पडला होता आणि ते मला पहिल्यांदाच कुणाचीही वाट न बघणारे दिसले. एवढंच मला ठाऊक आहे.

परत येताना रिक्षात म्हणाले, "तुझ्या खोलीचं देणं आजपासनं संपलं. एक पैसा कापायचा न्हाई. उलट मीच तुझं देणं लागतोय."

पगाराच्या दिवशी त्यांनी पूर्ण पगार दिला. मी दर महिन्याला कापत तेवढे त्यातनं बाजूला काढून त्यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवले. त्यांनी हाक मारली. "हे काय? सोडलं म्हणालो न्हवं?"

"तात्या, आईनं ती म्हशीला दिलेली. मी तुम्हाला दिली असं समजा. पैसे सोडले तर ती विकल्यागत होईल."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग ओरडले, "हट्टी हाईस! म्हशीच्या वरताण!" पण पैसे उचलून खिशात घातले. त्यानंतर दर महिन्याला ते पैसे पुढ्यात ठेवले की मान झुकवून घ्यायचे, मैफलीत कुणी दाद दिल्यावर घ्यावी तसे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तात्या गेले. दौलूमामा पुढच्या वर्षी. त्या चालीचं ठाऊक असलेलं आता माझ्याशिवाय कुणी नाही. गाणं लागतं, लोक म्हणतात, काय चाल केलीय बघा म्हाताऱ्यानं. मी मान हलवते. केलीच की. साबण लावलेल्या गालांनी पळत जाऊन त्यांनी ती उचलली नसती, तर ती माझ्या मोरीतल्या पाण्याबरोबर गेली असती.

देणं राहिलं होतं. मी एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले. तात्यांची मुलगी, माझ्या ताई, दर दिवाळीत घर उघडायला पुण्याहून यायच्या. वर्षभर साठवलेले पैसे मी त्यांना नेऊन द्यायची. पहिल्या वर्षी त्या रागावल्या, दुसऱ्या वर्षी हसल्या, मग न बोलता घेऊ लागल्या. काल त्या घराच्या किल्ल्या नव्या मालकाला द्यायला आल्या होत्या. मी राहिलेले सगळे घेऊन गेले.

"मावशी, अहो कशाला?" ताई म्हणाल्या. "बाबांनी कधीच सोडले होते ना? माझ्याशी फोनवर बोलले होते ते. कारण मात्र सांगितलं नाही."

"त्यांनी सोडले हुते, ताई. मी न्हाय."

"पण कशासाठी एवढं?"

सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही होतं. रिकाम्या घरात माझाच श्वास मोठा ऐकू येत होता. त्या मुलीनं बापाचा फोटो पेपरात गुंडाळून छातीशी धरला होता. मी म्हटलं, "मोजून घ्या."

"मोजायचं काय त्यात?"

"मोजाच."

त्यांनी फोटो खिडकीत ठेवला. उभ्यानं, ओठ हलवत, त्यांनी नोटा मोजल्या. मध्ये एकदा चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"बरोबर आहेत, मावशी," त्या म्हणाल्या. "पूर्ण फिटले."